तुरुंगातल्या माणसाला पत्र
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहीजणींनी तोंडाला पदर लावला, हे मला इथून दिसते आहे. लावा, पण ऐका. आपल्या कापड्याची माणसे पिढ्यानपिढ्या पोटासाठी मुंबईला जातात. त्यांतल्या एखाद्यावर तुरुंगाची वेळ येते. खऱ्या गुन्ह्यापायी येते, खोट्या आळापायीही येते. मग घरात त्याचे नाव घेणेच बंद होते.

माझ्याच घरची गोष्ट सांगते. माझा धाकटा दीर काही महिने कच्चा कैदी होता. सासूबाईंना लिहिता येत नाही. त्यांनी सांगितले, मी लिहिले. वीसेक दिवसांनी पाकीट जसेच्या तसे परत आले. सासूबाई "त्यानं घेतलं नाही" एवढेच बोलल्या आणि चुलीपुढे जाऊन बसल्या. दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न गेले नाही. चूक माझी होती. घरी त्याला ज्या नावाने हाक मारतो, तेच मी पाकिटावर लिहिले होते. तुरुंगाच्या वहीत त्या नावाचा माणूसच नव्हता!

म्हणून आधी नाव. कोर्टाच्या कागदावर जसे असेल तसे पूर्ण लिहावे, बापाच्या नावासकट. मग कैदी क्रमांक व बराक, आणि 'द्वारा अधीक्षक' असे लिहून तुरुंगाचे नाव, गाव व पिनकोड. क्रमांक ठाऊक नसेल तर खटल्याचा नंबर किंवा आत गेल्याची तारीख घालावी. मागे आपले नाव, पत्ता आणि नाते. कैद्यांना एका तुरुंगातून दुसऱ्यात हलवतात, तेव्हा आज तो कुठे आहे हे वकिलाला विचारून मगच तिकीट चिकटवावे. कच्चा कैदी आणि शिक्षा झालेला कैदी यांचे पत्रांचे नियम सारखे नसतात, तेही त्याच वेळी विचारावे.

आता मजकूर. पत्र अधिकारी उघडून वाचतात, हे धरूनच चालावे. आपल्या बायकांची खोड अशी की, लाजेपायी आडून लिहायचे, "ते काम झालं, त्या माणसाला भेटलो." आपल्याला ती साधी गोष्ट, पण वाचणाऱ्याला त्यात खूण दिसते आणि पत्र अडते. काय ते सरळ लिहावे. खटल्याची हकीकत, साक्षीदारांची नावे पत्रात घालू नयेत. ते बोलणे वकिलापाशी.

ही बंधने थोरामोठ्यांनाही होती. 1930 साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमाला दर मंगळवारी एकेका व्रतावर लिहून पाठवीत. त्याचेच पुढे 'मंगलप्रभात' झाले. स्वदेशीवर मात्र त्यांनी तुरुंगातून लिहिले नाही. त्या विषयात राजकारण येणार आणि कैद्याने ते लिहायचे नाही, म्हणून तो भाग त्यांनी सुटल्यावर लिहिला. पण नियम पाळायचा म्हणजे अधिकारी म्हणेल ते सगळे मान्य करायचे, असेही नाही. प्रभाकर संझगिरी हे स्थानबद्ध असताना त्यांनी अणूवर मराठीत पुस्तक लिहिले आणि ते छापायला बाहेर पाठवू द्या म्हणाले. सरकार नाही म्हणाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1965 मध्ये निकाल संझगिरींच्या बाजूने लागला. जी मनाई नियमातच लिहिलेली नाही, ती अधिकाऱ्याला मनाने घालता येत नाही!

पाकिटात नोट घालू नका. मी शंभराची घातली होती. पाकीट परत आले म्हणून ती हाती लागली, एवढेच. पैसे मनीऑर्डरने त्याच्या नावावर, अधीक्षकांमार्फत पाठवावेत. ते त्याच्या खात्यावर जमा होतात आणि त्यातून तो आतल्या दुकानातून साबण, बिस्किटे घेतो. किती पाठवता येतात याला मर्यादा असते. तंबाखूची पुडी तर पत्रात कधीच नको. आपल्या मायेपायी शिक्षा त्याला व्हायची.

आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. 1987 च्या कायद्याने कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. बाईमाणसालाही मिळतो, मग तिची मिळकत कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज द्यावा.

आता मोबाईलवर 'ई-मुलाकात' होते, मग पत्र कशाला, असे सुना विचारतील. आपल्या डोंगरात मोबाईलला रेंज किती मिळते, ते त्यांनाच विचारा! शिवाय बोलणे संपले की संपले. पत्र उशाखाली ठेवता येते.

दुसऱ्या वेळी मी नाव नीट लिहिले. सासूबाईंनी सांगितलेला मजकूर असा : गाय व्याली, पाडी झाली. खालच्या खाचरात लावणी उरकली. पागोळी गळते ती तू आल्यावर बघू. मला वाटले, ही आई, एक शब्द मायेचा नाही! पण सांगितले तसे लिहिले. महिन्याने उत्तर आले. त्यात पहिली ओळ पाडीचा रंग कोणता, ही होती. सासूबाईंनी ते पत्र माझ्याकडून चारदा वाचून घेतले आणि लगेच म्हणाल्या, "लिही, तांबडी."

ज्यांना असे पत्र लिहून हवे असेल त्यांनी शनिवारी दुपारी माझ्या ओटीवर यावे. पाकिटे आणि तिकिटे मी पोलादपूरहून आणून ठेवली आहेत. कुणाचे पत्र, कुणाला, हे माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. येताना कोर्टाचा कागद तेवढा बरोबर आणा.