परक्याचा हात आणि मालकाची जबाबदारी

बंगळूरच्या मल्लेश्वरम या भागाला ज्या काडू मल्लेश्वराच्या देवालयाने नाव दिले, त्याचा संबंध शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांच्याशी जोडला जातो. प्लेगच्या साथीनंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, या देवालयाच्या परिसरात आखीव रस्त्यांची वसाहत वसली. अशा या वस्तीत १७ एप्रिल २०१३ रोजी सकाळी एका राजकीय पक्षाच्या कार्यालयाजवळ उभ्या असलेल्या मोटारसायकलीवर ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. पोलीस आणि नागरिक जखमी झाले. आसपासच्या मोटारींनी पेट घेतला.

गुन्हेगाराला शिक्षा करणे हे फौजदारी न्यायालयाचे काम. परंतु आग आणि स्फोट यांपाठोपाठ दिवाणी न्यायालयातही एक प्रश्न उभा राहत असतो : नुकसान कोणी भरून द्यावयाचे? अशा स्फोटाने एखाद्या घराच्या काचा फुटून वाटसरूला इजा झाली आणि त्याने घरमालकावर दावा लावला, अशी कल्पना करू. घरमालकाचा वकील सांगेल, की हे कृत्य परक्याचे आहे. त्याची पूर्वकल्पना नव्हती आणि ते रोखणे घरमालकाच्या हाती नव्हते. हा बचाव न्यायाला धरून आहे. दुसऱ्याच्या दुष्टाव्याचा भुर्दंड निरपराध्याने का सोसावा?

मात्र हाच बचाव प्रत्येक प्रतिवादीच्या तोंडी सारखाच शोभतो असे नाही. इंग्लंडमधील रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या दाव्यात १८६८ साली असे ठरले, की जो आपल्या जागेत धोक्याची वस्तू आणून साठवितो, त्याने ती निसटून झालेल्या हानीची भरपाई केली पाहिजे; त्याची हयगय सिद्ध होवो वा न होवो. तेथे वस्तू होती तलावाचे पाणी. पुढे स्फोटक द्रव्यांनाही हा नियम लागू झाला. त्याला अपवाद होते : दैवी आपत्ती, परक्याचे कृत्य, वादीची संमती वा त्याचाच दोष, आणि कायद्याने दिलेला अधिकार. आग व स्फोट यांच्या दाव्यांतील प्रतिवादीचा बचाव दीर्घकाळ याच वाटांनी चालत आला.

या वाटा कशा अरुंद होत गेल्या, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तीनच्या सुमारास, पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि मालमोटार यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याबाहेर जाऊन कलंडला आणि पेट्रोल गळून साचू लागले. सकाळी सव्वासातच्या सुमारास स्फोट होऊन आगीचा भडका उडाला. जवळ जमलेली माणसे होरपळली. काहींना प्राण गमवावे लागले.

मृतांपैकी एकाच्या मातेने मोटार वाहन कायद्याखाली भरपाई मागितली. हयगय सिद्ध न करताही मृत्यूबद्दल पंधरा हजार रुपये देण्याची तरतूद त्या काळी कायद्यात होती. पण तिच्यासाठी मृत्यू वाहनाच्या वापरातून उद्भवलेला असणे आवश्यक होते. प्रतिपक्षाचे म्हणणे नेमके येथे अडले : टक्कर पहाटेची, स्फोट चार तासांनंतरचा, कलंडून पडलेला टँकर वापरात होता असे कसे म्हणावे? न्यायाधिकरणाला ते पटले. लोक पेट्रोल चोरण्याच्या खटपटीत असताना ठिणगी उडाली, तेव्हा स्फोट ही स्वतंत्र घटना होय, असे मानून त्याने अर्ज फेटाळला.

मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविलेला निर्णयच कायम केला. टक्कर झाली म्हणून टँकर कलंडला, कलंडला म्हणून पेट्रोल गळले आणि गळले म्हणून स्फोट झाला. मध्ये चार तास गेले, तरी कार्यकारणाची साखळी तुटली नाही, असा या निकालाचा आशय आहे.

मल्लेश्वरम आणि कवठे यांतील भेद येथे स्पष्ट होतो. मल्लेश्वरमच्या घरमालकाने धोका आणला नव्हता. तो परक्याने आणला. कवठ्याला परक्याचा हात असलाच, तर तो अखेरच्या ठिणगीपुरता. ज्वालाग्राही द्रव्य मात्र व्यवसायासाठी तेथून नेले जात होते. सांडलेल्या पेट्रोलभोवती माणसे जमतील, हे ओळखण्यास त्रिकालज्ञान लागत नाही.

धोकादायक कारखान्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालय याही पुढे गेले होते. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीतील एका कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणी पुढील वर्षी सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने ठरविले, की अशा उद्योगाची जबाबदारी निरपवाद आहे. रायलँड्सचे अपवाद त्याला पुढे करता येणार नाहीत.

मग प्रतिवादीच्या वकिलाने करावे तरी काय? त्याचे काम संपलेले नाही. आग खरोखर कोठून लागली, सांगितलेले नुकसान तिच्यामुळेच झाले काय, मागणीचा आकडा वाजवी आहे काय, विमापत्रात कोणता धोका अंतर्भूत आहे, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. ते विचारले गेले नाहीत, तर खरे कारण अज्ञात राहील आणि तीच दुर्घटना दुसरीकडे पुन्हा घडेल. परंतु या प्रश्नांची उत्तरे वक्तृत्वाने देता येत नाहीत. त्यासाठी परवाना, तपासणीची नोंदवही, नोकरांना दिलेले शिक्षण, जळालेल्या अवशेषांचे जतन यांचा पुरावा लागतो. आणि तो बहुतांशी आग लागण्यापूर्वीच तयार झालेला असावा लागतो.

कवठ्याच्या त्या चार तासांत कोणी दोर बांधून पहारा बसविला असता, तर कदाचित दावाच उभा राहिला नसता, आणि एका मातेला पंधरा हजार रुपयांसाठी दिल्लीपर्यंत न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती. आगीच्या दाव्यातला सर्वांत भक्कम बचाव तोच, जो न्यायालयात मांडण्याची वेळच येत नाही.