कारीच्या जेध्यांचें दप्तर

आपल्या पणजोबांच्या वडिलांचें नांव काय, असा प्रश्न एखाद्या शहरी घरांत विचारला तर वडील माणसें बहुधा एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. खेड्यांतील जुन्या वतनदार घराण्यांत तसें होत नसे. तेथें सात-आठ पिढ्यांचीं नांवें घडाघडा सांगणारा एखादा म्हातारा असेच, आणि त्याचें कोणीं ऐकलें नाहीं तर माळ्यावरचें दप्तर होतेंच. खेड्यांतल्या माणसांची स्मरणशक्ति अधिक होती असा मात्र याचा अर्थ नव्हे. त्यांना नांवें लक्षांत ठेवणें भागच होतें. शेत, पाटिलकी, देशमुखी, मानाचा विडा, होळीची पहिली पोळी, हें सारें त्या नांवांच्या साखळीला बांधलेलें असे. एक कडी तुटली कीं चुलत भाऊ दाव्याला उभा राही. पंचांपुढें, गोतसभेपुढें किंवा सरकारांत वाद गेला म्हणजे मूळ पुरुषापासून वंश सांगावा लागे. निवाडा झाल्यावर महजर होई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी आणि ज्यांना लिहितां येत नसे ते गांवकरी आपापल्या धंद्याच्या हत्याराचें चित्र काढीत. गांवकुळांचा इतिहास लिहिला गेला तो असा, अभिमानापेक्षां अधिक भाऊबंदकीच्या भीतीनें.

परंतु अशा भीतीपोटीं जपलेले कागद कधीं कधीं सगळ्या महाराष्ट्राच्या उपयोगीं पडतात. कारीच्या जेध्यांचें दप्तर हें त्याचें उत्तम उदाहरण होय.

पुणें जिल्ह्यांत भोर गांवापासून रायरेश्वराच्या बाजूस जाणारी वाट धरली म्हणजे डोंगरांच्या कुशींत आंबवडें आणि कारी हीं गांवें लागतात. पावसाचा, भातशेतीचा हा मुलूख. पूर्वीं याला रोहिडखोरें म्हणत. बारा मावळांत त्याची गणना होई. या खोऱ्यांत जेध्यांची देशमुखी होती. आणि जेथें देशमुखी तेथें तंटा, हा त्या काळचा नियमच होता. उत्रवळीचे खोपडे हेहि याच खोऱ्यांतील देशमुख. जेधे आणि खोपडे यांचा वाद पिढ्यान् पिढ्या चालला.

या घराण्यांतून दोन कागद पुढें आले. एक ‘करीना’ आणि दुसरी ‘शकावली’. करीना म्हणजे हकीकत. आपला हक्क कसा आला, वाडवडिलांनीं त्यासाठीं काय सोसलें, याचें सांगोपांग निवेदन. शकावलीचें रूप अगदीं निराळें. शक, संवत्सर, महिना, तिथि आणि पुढें एक-दोन ओळी. कोण जन्मला, कोण मेला, कोणता किल्ला कोणीं घेतला, एवढेंच. भावना नाहीं, स्तुति नाहीं. शके १५४० म्हणजे इ. स. १६१८ मधील औरंगजेबाच्या जन्मापासून शके १६१९ म्हणजे इ. स. १६९७ पर्यंतच्या नोंदी तींत आहेत. डोंगरांतल्या एका देशमुखाच्या घरीं दिल्लीच्या शहाजाद्याची जन्मतिथि लिहून ठेवावी, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. परंतु ज्या वतनाचें भवितव्य दिल्ली, विजापूर आणि अहमदनगर येथील तख्तांवर अवलंबून असे, त्याच्या धन्याला हवा कोठून वाहते हें पाहावेंच लागे.

घराण्याचा मुख्य पुरुष कान्होजी जेधे. त्याच्या बालपणाची जी हकीकत सांगतात ती भाऊबंदकीपासूनच सुरू होते. बाप नाईकजी भावांच्या हातून मारला गेला. तान्ह्या कान्होजीचाहि घात व्हायचा, पण देवजी महाला नांवाच्या सेवकानें त्याला वांचविलें. मोसें खोऱ्यांतील बाजी पासलकर यांनीं मुलाला आसरा दिला आणि पुढें आपली मुलगी सावित्री त्याला दिली. ज्या घराण्याच्या पराक्रमाचे पोवाडे व्हावेत, त्याच्या आरंभींच सख्ख्या चुलत्यांनीं केलेला खून असावा, हें दप्तरानें लपविलें नाहीं. पुष्कळ आधुनिक कुलवृत्तान्तांत असा मजकूर गाळला गेला असता.

कान्होजी शहाजी राजांच्या पदरीं होता. १६४८ सालीं शहाजी राजे कैद झाले तेव्हां तोहि कैदेंत पडला. सुटका झाल्यावर राजांनीं त्याला मावळांत शिवाजी महाराजांकडे पाठविलें. मग आलें १६५९ साल. अफझलखान वाईस उतरण्याच्या सुमारास मावळांतल्या देशमुखांना विजापूरचीं फर्मानें आलीं, कीं खानाला सामील व्हा, नाहीं तर वतनास मुकाल. १६ जून १६५९ चें असें एक फर्मान कान्होजीच्या नांवें आहे. कान्होजी आपल्या पांच मुलांना घेऊन राजगडावर गेला आणि तें फर्मान त्यानें महाराजांपुढें ठेविलें. महाराजांनीं त्याला वतन राखण्यासाठीं खानाकडे जाण्याची मोकळीक दिली, तेव्हां त्यानें वतनावर पाणी सोडलें. ज्या वतनासाठीं बाप गेला, त्याच वतनावर हातांत पाणी घेऊन उदक सोडणें म्हणजे काय, हें शहरांत भाड्याच्या घरांत राहणाऱ्याच्या एकदम ध्यानांत यावयाचें नाहीं.

खंडोजी खोपडे मात्र खानाकडे गेला. प्रतापगडाखालीं १० नोव्हेंबर १६५९ रोजीं खान मारला गेल्यावर तो जीव वांचविण्यासाठीं लपून राहिला, आणि शेवटीं त्याच्यासाठीं रदबदली केली ती कान्होजीनेंच. पिढीजात वैऱ्यासाठीं! महाराजांनीं कान्होजीच्या शब्दाखातर त्याचा प्राण राखला, परंतु उजवा हात आणि डावा पाय तोडविला. ही गोष्ट जेध्यांच्या कागदांतून येते, हें विसरूं नये. खोपड्यांच्या बाजूनें ती कशी सांगितली गेली असती, कोण जाणे. प्रत्येक करीना हा एका पक्षाचा जबाब असतो. त्याला दुसऱ्या कागदाची साक्ष मिळाली तरच इतिहासकारानें त्यावर विसंबावें.

आणि पुढची पिढीहि सारखीच निघाली असें नाहीं. कान्होजीचा मुलगा बाजी, लढाईंत निशाण वांचविल्याबद्दल ‘सर्जेराव’ हा किताब मिळविणारा. त्याच घराण्यावर संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत मोगलांकडे वळल्याचा ठपका आला, आणि महाराजांनीं सर्जेरावाला खरमरीत पत्र लिहिलें. बापानें ज्यावर पाणी सोडलें तें वतन मुलाला पुन्हां प्रिय झालें होतें.

आतां शकावलीकडे वळावयाचें. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखांत, म्हणजे १६२७ सालीं झाला, असें बखरींच्या आधारें बराच काळ मानीत. लोकमान्य टिळकांना कारीच्या देशमुखांकडून ही शकावली मिळाली. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारें १९१६ सालीं त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली. तींत जन्मतिथि होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१; इंग्रजी तारखेनें १९ फेब्रुवारी १६३०. वाद माजला. कोण कोठला देशमुख, त्याच्या घरचें टिपण, आणि त्यावरून बखरी खोट्या ठरवावयाच्या? परंतु पुढें कवींद्र परमानंदाचें ‘शिवभारत’ १९२७ सालीं छापून आलें, त्यांतहि तीच तिथि निघाली. राजस्थानांत सांपडलेल्या जन्मकुंडलीनेंहि तिला दुजोरा दिला. महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी ही तारीख २००१ सालीं मान्य केली. दर वर्षीं त्या दिवशीं सुट्टी मिळते, तिच्या मुळाशीं कारीच्या घरांतील हें टिपण आहे.

अशीं किती टिपणें गेलीं असतील? वतन होतें तोंवर कागदाला किंमत होती. मुंबई राज्यानें १९५० सालीं परगणा व कुलकर्णी वतनें रद्द करण्याचा कायदा केला. पाटिलक्याहि १९६२ च्या कायद्यानें गेल्या. वतनशाही गेली हें योग्यच झालें. पण तिच्याबरोबर दप्तर जपण्याचें कारणहि संपलें. मोडी वाचणारे म्हातारे वारले, आणि रुमालांत बांधलेले कागद कोठें वाळवीनें खाल्ले, कोठें रद्दींत गेले. मग २०२३ सालीं चित्र अचानक पालटलें. कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, आणि ज्या घरांनीं पन्नास वर्षें मोडी कागदाकडे ढुंकून पाहिलें नव्हतें, तीं मोडी जाणणाऱ्याच्या शोधांत हिंडूं लागलीं. पणजोबांच्या वडिलांचें नांव पुन्हां महाग झालें.

या साऱ्या वंशावळींत एक मोठें रितेपण आहे. बापाखालीं मुलगा, मुलाखालीं नातू, अशी ती शाखा उतरते. मुली कोठें गेल्या आणि सुना कोठून आल्या, याचा पत्ता नसतो. ज्यांना वतनांत वांटा नाहीं त्यांना कागदांतहि जागा नाहीं, हा त्यांतला सरळ हिशेब. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि साऱ्या देशानें २००५ सालीं वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. तेव्हांपासून तलाठ्याच्या वारस-नोंदींत तिचें नांव आवर्जून पाहावें लागतें, आणि ‘हक्कसोडपत्रावर सही कर’ म्हणून माहेरीं बोलाविलेल्या बहिणीहि गांवोगांव दिसतात. हा तंटा जुन्या महजरांतल्या तंट्यासारखाच आहे. फरक इतकाच, कीं त्यांत आतां सावित्रीचेंहि नांव लिहावें लागतें.

आंबवड्यास नागेश्वराच्या देवळाजवळ कान्होजी जेध्यांची समाधि आहे. प्रतापगडाखालीं सय्यद बंडाचा वार रोखणाऱ्या जिवा महाल्याची समाधिहि त्याच गांवांत दाखवितात. जिवाच्या घरीं करीना नव्हता, शकावली नव्हती. त्याच्याकडे वतन नव्हतें. त्याचा बाप कोण, आजा कोण, हें सांगणारें दप्तर कोठल्याहि माळ्यावर सांपडत नाहीं.