तार घराची असते

आमच्या लहानपणी 'तार आली' एवढं कुणी म्हटलं, की मोहल्ल्यातल्या बायका आधी डोळ्यांना पदर लावत. मजकूर कळायचा नंतर. पोरगा पास झाल्याचीही तार असू शकते, हे कुणाच्या मनातच येत नसे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता गल्लोगल्ली पुन्हा तार येते आहे, पण ती तांब्याची नाही, काचेची आहे. लोक तिला फायबर म्हणतात. केबलवाला शिडी लावतो आणि विचारतो, "चाचा, तार कुठून आत घेऊ?"

मी बी. ए. झालेला कवी. विज्ञानाशी माझी ओळख शाळेपुरतीच. पण काचेतून उजेड धावतो आणि त्या उजेडावर बसून माणसाचा आवाज घरात येतो, हे कळल्यावर थोडं वाचावंसं वाटलं. पंजाबातल्या मोगा इथं जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ च्या सुमारास लंडनमध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पोचवून दाखवलं. चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडलं, की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून संदेश लांबवर जातील. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी १९७० मध्ये तशी काच करून दाखवली. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं. खिडकीची काच कडेनं पाहा, ती हिरवट, अंधारी दिसते. ही काच मात्र अशी, की पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा उजेड शिल्लक राहतो. आणि गंमत म्हणजे हा उजेड आपल्या डोळ्यांना दिसतच नाही.

मग फायबर घरापर्यंत येण्याचं एवढं काय? कित्येक वर्षं काचेची तार एक्स्चेंजपर्यंत किंवा फार तर चौकातल्या पेटीपर्यंत यायची. पुढं तीच जुनी तांब्याची जोडी. तांबं अंतरानं थकतं, पावसात भिजलं की कुरकुरतं. आता काच थेट भिंतीपर्यंत येते. वाटेत एका छोट्या डबीत एकाच तंतूतला उजेड बत्तीस किंवा चौसष्ट घरांना वाटला जातो आणि त्या वाटपाला वीजही लागत नाही. घरातल्या पेटीला मात्र लागते. जुना लँडलाइन फोन वीज गेली तरी चालायचा, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून मिळायची. नव्या सोयीची ही एक उणी बाजू.

पण मला सांगायचं आहे ते वेगाबद्दल नाही. मोबाइल माणसाचा असतो, तार घराची असते, हे सांगायचं आहे.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आमच्या मागच्या गल्लीतली एक मुलगी नववीत होती. घरात फोन एक, तो अब्बांचा. अब्बा रिक्षावाले. टाळेबंदी सैल झाल्यावर ते सकाळी बाहेर पडायचे आणि त्यांच्या खिशातून मुलीचा वर्गही बाहेर पडायचा. यात त्यांचा दोष नव्हता. फोन नसेल तर धंदा कसा करणार? रात्री ते जेवायला बसले, की ती दिवसभराचा अभ्यास वहीत उतरवून घ्यायची. आपल्या देशात इंटरनेट पोचलं असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते अशा एखाद्या खिशात पोचलेलं असतं.

आकडेही हेच सांगतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. मार्च २०२४ अखेर देशात मोबाइलवरचं ब्रॉडबँड घेणारे ८८ कोटींच्या आसपास होते, तारेवरचं घेणारे जेमतेम ४ कोटी. मोबाइलवर बातमी कळते, गाणं ऐकता येतं, पैसे पाठवता येतात. पण लांबलचक अर्ज भरणं, हिशेब ठेवणं, दोन तासांचा वर्ग करणं, शिवणकामाचे नमुने गिऱ्हाइकाला दाखवणं, ही कामं बैठकीची आहेत. त्यांना घर लागतं.

खेड्यांसाठी सरकारनं २०११ मध्ये योजना मंजूर केली. पुढं तिचं नाव भारतनेट झालं. दोन लाखांहून जास्त ग्रामपंचायतींपर्यंत जाळं गेलं, हे काम लहान नाही. पण पंचायतीच्या कपाटातली पेटी म्हणजे गाव नव्हे. कपाटाला कुलूप लागतं, पेटीची वीज जाते, रस्ता खणताना केबल तुटते. २०२३ मध्ये या योजनेसाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा नवा आराखडा मंजूर झाला. त्यात तारांची कडी करण्याची सोय आहे, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून उजेड येईल. ग्रामीण घरांना जोडण्याचंही उद्दिष्ट आहे. उरलेलं काम तेच आहे, पंचायतीपासून उंबरठ्यापर्यंतचं.

शहरांतही हा शेवटचा तुकडाच अवघड. आमच्या गल्लीसाठी एका कंपनीनं 'जागा अरुंद आहे' असं कळवून हात वर केले. काम केलं ते शेवटी गल्लीतल्याच केबलवाल्या पोरानं. तो तंतू सोलतो, स्पिरिटनं पुसतो, टोक सरळ कापतो आणि छोट्या यंत्रात दोन टोकं समोरासमोर ठेवून ठिणगीनं वितळवून जोडतो. जोड वाकडा झाला तर पेटीवर लाल दिवा लुकलुकतो. अशा पोरांना शिकवा, वेळेवर मोबदला द्या, खांबावर चढताना पट्टा द्या. देशाचं जाळं त्यांच्या बोटांवर उभं आहे.

एवढं होऊनही एक प्रश्न उरतो. घरात तार आली, पण पासवर्ड कुणाकडे? आमच्याकडे पूर्वी रेडिओ बैठकीत असे. तो अब्बांनी विकत आणलेला, पण दुपारी त्यावर अम्मीचा हक्क आणि रविवारी आम्हा पोरांचा. कुणी परवानगी मागत नसे. फायबरची पेटी तशी वापरली गेली तरच ती घराची. नाहीतर एका खिशातलं इंटरनेट एका खोलीत आलं, एवढाच फरक.

म्हणून, किती किलोमीटर केबल टाकली याचा हिशेब सरकारनं आणि कंपन्यांनी जरूर ठेवावा. आपण आपल्या उंबरठ्याच्या आतला हिशेब ठेवू या. भिंतीवरच्या पेटीचा पासवर्ड एका कागदावर लिहावा आणि तो कागद घरातल्या सगळ्यात धाकट्या मुलीच्या अन् सगळ्यात थोरल्या बाईच्या नजरेला पडेल, अशा जागी चिकटवावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)