दाद आणि पोच
(व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो अंतर्भाग, ज्याला कर्नल म्हणतात, त्यातील इंटरप्ट कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे तो चालविणाऱ्या आज्ञावलीत, कोणी बदल सुचविला असता तो दुसऱ्याने कसा तपासावा, हा माझा आजचा विषय आहे. नाव ऐकून हा मूठभर तज्ज्ञांचा खासगी प्रश्न वाटण्याचा संभव आहे. परंतु दुसऱ्याचे लिखाण जबाबदारीने वाचणे म्हणजे काय, ह्याचे इतके कसोटीचे उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही, आणि म्हणूनच तो आपल्यापुढे मांडावयास मी उभा आहे.

प्रोसेसर आपल्या कामात गढलेला असताना कळफलकावर बोट पडते, नेटवर्कवरून पाकीट येते, नेमलेली वेळ भरते. प्रत्येक उपकरणाच्या दारी जाऊन ‘तुझे काही म्हणणे आहे काय’ असे क्षणोक्षणी विचारीत बसण्यापेक्षा उपकरणानेच दाद मागावी आणि प्रोसेसरने हातचे काम तेवढ्यापुरते बाजूस सारून तिची दखल घ्यावी, ही जी योजना तिलाच इंटरप्ट म्हणतात. परंतु दाद मागणारे पुष्कळ आणि ऐकणारे थोडे, तेव्हा कोणाची फिर्याद आधी पुढे ठेवावयाची, कोणाची तूर्त तहकूब करावयाची आणि कोणती कोणत्या प्रोसेसरकडे रवाना करावयाची, हे ठरविणारा एक शिरस्तेदार मध्ये बसवावा लागतो. तो इंटरप्ट कंट्रोलर. 1981 च्या आयबीएम पीसीत हे काम 8259 जातीची एकच चिप करीत असे आणि तिला आठ वाटा होत्या. 1984 च्या पीसी-एटीत अशा दोन चिपा एकीस एक जोडल्या, आणि एक वाट त्या जोडणीतच खर्ची पडून पंधरा उरल्या. आज आर्मच्या जीआयसी ह्या कंट्रोलरच्या रचनेत नुसत्या सामायिक उपकरणांसाठी 32 पासून 1019 पर्यंतचे क्रमांक राखून ठेवलेले आहेत. दप्तर वाढले, शिरस्तेदाराचे कर्तव्य मात्र तेच राहिले.

हे कर्तव्य दुहेरी आहे. निकालात निघालेली फिर्याद पुनःपुन्हा उभी राहता कामा नये, आणि खरी फिर्याद गहाळ होता कामा नये. ह्यांपैकी पहिल्या कर्तव्यात कसूर झाली तर गाजावाजा होतो: एखाद्या वाटेवरून आलेल्या 1,00,000 इंटरप्टांपैकी 99,900 कोणीच आपले म्हटले नाहीत, तर लिनक्स ह्या कार्यप्रणालीचा कर्नल ती वाट बंद करतो आणि कोणी दखल घेतली नाही असा स्पष्ट शेरा नोंदीत लिहितो. दुसऱ्या कर्तव्यातील कसुरीला मात्र आवाज नसतो. जी हाक पोचलीच नाही तिची नोंद करावयाची कोणी? यंत्र ती करू शकत नाही, चाचण्या पुष्कळदा करीत नाहीत. ती उणीव वाचणाऱ्यालाच दिसावी लागते. ह्या क्षेत्रात दुसऱ्याचा बदल तपासणे हा नुसता उपचार नव्हे, असे जे मी म्हणतो त्याचे कारण हे आहे.

एक प्रकरण जरा जवळून पाहू. रिस्क-फाइव्ह ह्या प्रोसेसर-रचनेत प्लिक नावाचा कंट्रोलर असतो आणि त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये 2018 साली दाखल झाला. त्याचा रिवाज साधा आहे: प्रोसेसरने एका रजिस्टरातून फिर्यादीचा क्रमांक वाचून ती स्वीकारावयाची, आणि काम झाले म्हणजे तोच क्रमांक परत लिहून पोच द्यावयाची, पोच मिळेपर्यंत त्या उपकरणाची पुढली फिर्याद प्लिक वर पाठवीत नाही. आता काही उपकरणांचे काम लांबणीचे असते. ते कर्नल एका स्वतंत्र थ्रेडकडे सोपवितो, थ्रेडचे काम पुरे होईपर्यंत त्या उपकरणाची वाट बंद ठेवतो, म्हणजे मास्क करतो, आणि कंट्रोलरला पोच मात्र तत्काळ देतो. वाट बंद करणारे फंक्शन निर्दोष होते, पोच देणारेही निर्दोष होते. परंतु प्लिकच्या विनिर्देशात असे एक वाक्य आहे की, पोच ज्या क्रमांकाची आली तो स्रोत त्या वेळी चालू नसेल, तर ती पोच मुकाट्याने दुर्लक्षिली जाईल. परिणाम काय झाला? वाट बंद असताना दिलेली पोच वाया गेली. पुढे वाट उघडली, पण प्लिक पोचेची प्रतीक्षा करीतच राहिला. कर्नल ज्या तक्त्यात प्रत्येक वाटेवरील इंटरप्टांची संख्या मांडतो, त्यात अशा उपकरणापुढे एकाचा आकडा उमटावा आणि तो तेथेच थिजून राहावा. तक्रार नाही, शेरा नाही, यंत्र चालू, आणि उपकरण मात्र कायमचे मुके.

2021 साली ह्या दोषावर उपाय झाला तो थोड्याशा ओळींचा: पोच देतेवेळी स्रोत बंद असेल, तर तो क्षणभर उघडावा, पोच लिहावी आणि पुन्हा बंद करावा. ह्या ओळी सुटसुटीत आहेत. परंतु त्या योग्य आहेत असे म्हणण्यासाठी तपासणाऱ्याला कंट्रोलरचा विनिर्देश, कर्नलमधील इंटरप्टांचा सामान्य प्रवाह आणि थ्रेडची रीत ही तिन्ही दप्तरे एकाच वेळी उघडी ठेवावी लागतात. दोष कोणत्याही एका ओळीत नव्हता. तो दोन ओळींच्या क्रमात होता. म्हणून चांगला परीक्षक बदललेल्या ओळी वाचून थांबत नाही. ह्या ओळीनंतर आणि पुढलीच्या आधी काय घडू शकेल, हे तो विचारतो.

ह्याच प्लिकमध्ये बत्तीस स्रोतांच्या चालू-बंदीचे बिट एका रजिस्टरात नांदतात. एका प्रोसेसरने ते रजिस्टर वाचले, दुसऱ्यानेही वाचले, दुसऱ्याने आपला बिट पालटून लिहिले आणि मागाहून पहिल्याने आपल्या जुन्या प्रतीवरून लिहिले, तर दुसऱ्याचा हुकूम पुसला जातो. म्हणून तेथे कुलूप हवे. आणि कुलूपही कोणतेही चालत नाही. 2024 साली, 6.12 ह्या आवृत्तीत, रिअल-टाइम कर्नलची व्यवस्था मुख्य कर्नलमध्ये आली. तिच्यात स्पिनलॉक नावाच्या साध्या कुलुपावर वाट पाहणाऱ्याला झोप लागू शकते, आणि इंटरप्टाच्या मार्गावर झोपण्याची मुभा कोणालाच नाही, तेव्हा तेथे झोपू न देणारे रॉ स्पिनलॉकच पाहिजे. जीआयसीच्या रचनाकारांनी चालू करण्याचे रजिस्टर निराळे आणि बंद करण्याचे निराळे ठेवून हा तंटा मुळातच मिटविला. एकाच्या दूरदृष्टीने दुसऱ्याची किती दक्षता वाचते, ते ह्यावरून कळावे.

सर्वांत शेवटी परीक्षक बदलाबरोबरचे निवेदन वाचतो. काय बदलले हे ओळी सांगतातच, का बदलले हे निवेदनाने सांगावयाचे असते, आणि तेथे मौन असेल तर बदल परत पाठविणे हे सौजन्याचेच लक्षण होय, कारण दहा वर्षांनी ह्या ओळींपुढे बसणाऱ्या अनोळखी माणसाला दुसरा साक्षीदार मिळणार नाही. समाधान झाले म्हणजे तो आपले नाव खाली लिहितो. ही बिनचूकपणाची हमी नव्हे, तसा दावा कोणीच करीत नाही. मी हे वाचले, माझ्या शंका विचारल्या आणि माझ्या माहितीत आता ह्यात दोष उरलेला नाही, एवढेच ती सही सांगते. परंतु एवढे प्रामाणिकपणे म्हणता येण्यासाठी किती वाचावे लागते, ते आपण पाहिलेच.

श्रोतेहो, ह्या श्रमाचे फळ दाखवावयाचे झाले तर मी आपल्याला तोच तक्ता दाखवीन. ज्या उपकरणापुढे एकाचा आकडा थिजून राहिला होता, तेथे तो दोन होतो, मग तीन, मग मोजण्याचे कारणच उरत नाही. हाक पोचली, पोच मिळाली, आणि पुढल्या हाकेसाठी दार मोकळे झाले.