वामेचे गणगोत

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली गेली, की चंदेरी मासळीबरोबर कधी कधी एखादी लांबट, गुळगुळीत वामही वाळूवर वळवळू लागते. शहरातून आलेला पाहुणा "साप!" म्हणून मागे सरतो. त्याचे भय अगदीच निराधार नसते. कारण मालवणच्या जाळ्यांत विषारी समुद्रसर्पही सापडतात. समुद्रसर्पाला खवले असतात, शेपूट वल्ह्यासारखे चपटे असते, आणि श्वासासाठी त्याला पाण्याबाहेर डोके काढावे लागते. वाम कल्ल्यांनी श्वास घेते, आणि बहुधा तिच्या पाठीवरचा पर शेपटीला वळसा घालून पोटाखाली येतो. ओळख पटेपर्यंत हात न लावणे, हेच शहाणपणाचे.

वाम मासा आहे हे ठरले. पण तिचे सोयरे कोण? येथे रूप आपणांस पुन्हा फसवते. घाटावरील नद्यांत पाठीवर काट्यांची रांग असलेला एक सापासारखा मासा मिळतो. त्यालाही लोक वामच म्हणतात. परंतु त्याचे नाते आहे ते मरळीशी, आणि चिखलात राहणाऱ्या दुसऱ्या एका सर्पाकार माशाशी. त्या चिखलवासी माशाची एक जात महाबळेश्वर येथून १९६१ साली सायलस व डॉसन यांनी वर्णिली. वंशाने पाहता घाटावरची ही वाम समुद्रातील वामेपेक्षा पापलेटाला अधिक जवळची ठरते! बिळांत व फटींत शिरणाऱ्यास लांब देह उपयोगी पडतो. म्हणून तो निरनिराळ्या वंशांत स्वतंत्रपणे घडला.

खऱ्या वामेचे गोत्र उघडकीस आले ते तिच्या बालपणावरून. समुद्रात पानासारखा चपटा, काचेसारखा पारदर्शक एक चिमुकला मासा मिळे. १८५६ साली काउप या जर्मन पंडिताने त्याला निराळी जात मानून नाव दिले. १८९६ साली ग्रासी व कालांद्रुचो या इटालियन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हा तर वामेचा डिंभ आहे! असाच डिंभ टार्पन माशाचाही असतो. आणि टार्पन तर मोठ्या रुपेरी खवल्यांचा, दुभंगलेल्या शेपटीचा. प्रौढपणी तिळमात्र साम्य नसलेल्या या माशांना ग्रीनवूड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली एका गटात बसविले. लेबनॉनच्या खडकांत सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच्या वामेचे अवशेष आहेत. त्यांत आजच्या वामेला नसलेले पोटाकडील परही दिसतात. म्हणजे ते पुढे लोपले.

याच कुटुंबातील अहीर मासा सह्याद्रीतून उतरणाऱ्या गोड्या पाण्यात वाढतो. परंतु त्याचा जन्म समुद्रातला, आणि प्रजननासाठी तो समुद्राकडेच परततो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासानुसार, अहिराच्या कुलाचे निकटचे आप्त खोल महासागराच्या मध्यस्तरांत राहणारे मासे आहेत. म्हणजे नदी हे त्याचे पोटापाण्याचे ठिकाण आणि समुद्र हे वडिलोपार्जित घर.

ही वंशावळ म्हणजे केवळ पंडितांचा विरंगुळा नव्हे. घाटावरच्या वामेचे आयुष्य गोड्या पाण्यातच पुरे होते. अहिराला मात्र नदीच्या मुखापासून उगमाकडे जाणारा मोकळा मार्ग हवा. वाटेत धरणाची भिंत उभी राहिली, तर वर चढणारी पिले अडतात, आणि वर वाढलेले मासे घरी परतू शकत नाहीत. दोघांना सर्पाकार मासे म्हणून एकाच मापाने मोजले, तर एकाला वाचविण्याचा उपाय दुसऱ्याच्या उपयोगी पडणार नाही. कोणाचे रक्षण करावयाचे, तर प्रथम त्याचे गोत्र विचारावे लागते.