भाड्याच्या घराकडून दुकानाच्या गाळ्याकडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी सांगली येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे बहुधा पाककृती, मुलांचे संगोपन किंवा आरोग्य असे विषय असतात. यंदा चिटणीसताईंनी मला जरा निराळाच विषय दिला. त्या म्हणाल्या, "तुम्ही भाड्याने दिलेला फ्लॅट विकून दुकानाचा गाळा घेतलात. ते कसे जमले, काय पाहावे, काय विचारावे, तेवढे सांगा." मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मोठमोठे शब्द मला येत नाहीत. पण घरचा हिशेब गेली वीस वर्षे मी लिहीत आले आहे. त्या वहीतून जे समजले ते सांगते.

आमच्या मामंजींच्या निवृत्तीच्या पैशांतून २००९ साली विश्रामबागेकडे एक लहानसा फ्लॅट घेतला होता. सर्व खर्च धरून तो १४ लाखांना पडला. आमच्याकडे इंजिनिअरिंगची मुले फार. वालचंद महाविद्यालय जवळ असल्याने खोलीला गिऱ्हाईक कधी कमी पडले नाही. पण मुले जून-जुलैत येत आणि उन्हाळ्यात जात. वर्षातून एक महिना तरी जागा रिकामी राही. शेवटी भाडे महिना ९,५०० पर्यंत गेले होते. अकरा महिन्यांचे १,०४,५००. त्यातून घरपट्टी, सोसायटीचा खर्च, नळ, रंग असे २२ हजार गेले की हातात ८२,५०० उरत. त्याच फ्लॅटची किंमत तोवर ३८ लाख झाली होती. म्हणजे शंभर रुपये अडकवून वर्षाला जेमतेम सव्वादोन रुपये! गाय लाखाची आणि दूध पावशेर, असा तो प्रकार.

तरीही भगिनींनो, केवळ या हिशेबावर आम्ही फ्लॅट विकला नसता. आमचे हे कुपवाडच्या एका कारखान्यात आहेत. तेथे मोठे पेन्शन नाही. पुढे हातपाय थकल्यावर औषधपाणी आणि मीठमिरची या भाड्यावरच चालायची. अशा वेळी मोडता घालायला माणूस घाबरतोच. सासूबाई तर स्पष्टच म्हणाल्या, "अगं, माणसाला डोक्यावर छप्पर लागतेच. घराला कोणी ना कोणी भाडेकरू मिळतो. दुकान बुडाले की दुकानदार जातो, आणि कुलूप आपल्याला सांभाळावे लागते."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण २०२० साली एक गोष्ट आम्ही सर्वांनीच पाहिली. मार्चअखेर टाळेबंदी झाली, महाविद्यालये बंद पडली, आणि मुले आपापल्या गावी गेली. आमच्या फ्लॅटला कितीतरी महिने कुलूप होते. त्याच रस्त्यावर कापडाचे, चपलांचे, भांड्यांचे दुकान बंद होते. पण किराणा आणि औषधे यांची दुकाने उघडी होती, आणि त्यांच्या मालकांचे भाडेही चालू होते. तेव्हा माझ्या मनात आले की घर सुरक्षित आणि दुकान धोक्याचे, असे सरसकट म्हणता येत नाही. घर देताना राहणारा माणूस पाहावा लागतो, आणि दुकान देताना त्यात चालणारा धंदा पाहावा लागतो. भाडे भिंती देत नाहीत, त्या भिंतींच्या आत चाललेला व्यवहार देतो. आज मला आपल्याला सांगावयाचे ते मुख्यतः एवढेच आहे.

आता व्यवहाराच्या गोष्टी. पहिली कराची. पुष्कळ जणींना वाटते की एक जागा विकून दुसरी घेतली की नफ्यावर कर लागत नाही. तसे नाही. राहण्याचे घर विकून ठरावीक मुदतीत दुसरे राहण्याचे घर घेतले तर सूट मिळते. दुकान घेतले तर मिळत नाही. आम्ही २०२२ साली फ्लॅट विकला. त्या वेळच्या नियमाने महागाईची वाढ धरून नफा पावणेसात लाखांच्या आत आला, आणि त्यावर २० टक्के व वरचा सेस असा सुमारे १ लाख ४० हजार कर भरावा लागला. नफ्याची रक्कम सहा महिन्यांत ठराविक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत घातली असती तर तो कर वाचला असता, पण ती रक्कम पाच वर्षे अडकली असती. आम्हाला ती हाताशी हवी होती. जुलै २०२४ पासून या कराचे दर बदलले आहेत. म्हणून सौदा करण्यापूर्वीच करसल्लागाराकडून आकडा काढून घ्यावा, नंतर नव्हे.

दुसरी गोष्ट मुद्रांक शुल्काची. आपल्या राज्यात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावे राहण्याचे घर घेतले तर या शुल्कात १ टक्का सवलत आहे. दुकानाला ती नाही. आमचा गाळा ३१ लाखांचा, म्हणजे ३१ हजारांचा फरक पडला. काही जणी म्हणाल्या, "मग बाईचे नाव घालून फायदा काय?" मी म्हणते, फायदा एका टक्क्याचा नाहीच. गाळा आम्ही दोघांच्या नावे घेतला. पैसा यांच्या फ्लॅटचा असल्यामुळे भाड्यावरील कर यांच्याच उत्पन्नात धरला जातो, हे मला माहीत आहे. परंतु करारावर माझी सही लागते, आणि भाडेकरू माझ्याशी बोलतो. उद्या काही बरेवाईट झाले तर आपल्या घरातील कागद कोठे आहेत आणि त्यांत काय लिहिले आहे, हे विचारायला मला कोणाच्या दारी जावे लागणार नाही. हे मोल टक्क्यांत मोजता येत नाही.

तिसरी गोष्ट जागा पाहण्याची. सांगलीत जागा पाहताना पहिला प्रश्न पाण्याचा. कृष्णामाईचे पाणी आयर्विन पुलापाशी ४५ फुटांवर गेले की धोका मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेले होते. २००५ आणि २०२१ सालीही पेठांत पाणी शिरले. स्वस्तातला गाळा दाखविणारा दलाल हे आपणहून सांगत नाही. म्हणून आम्ही शेजारच्या पानपट्टीवाल्याला आणि गिरणीवाल्याला विचारत होतो, "२०१९ ला पाणी कोठवर होते?" लोक भिंतीवर हात ठेवून दाखवितात. ज्या गाळ्यात छातीइतके पाणी होते तो आम्ही सोडला, मग भाव कितीही उतरवो. जो घेतला त्याचाही पूर व आग यांचा विमा उतरविला आहे. भिंती आणि शटर यांचा विमा मालकाचा, आतील मालाचा दुकानदाराचा, हे करारातच लिहावे.

याखेरीज जागा मोजताना टेप घरून न्यावी. कागदावरच्या आकड्यात जिना, भिंती, मोकळी जागा सारे धरलेले असते. आपल्याला वापरायची जागा किती, तेवढे मोजावे. मंजूर नकाशात ती जागा दुकान म्हणूनच दाखविली आहे ना, भोगवटा प्रमाणपत्र आहे ना, हे पाहावे. गाड्या लावण्याच्या जागेला शटर बसवून विकलेले गाळे असतात, आणि त्यांचे पुढे काय होईल ते सांगता येत नाही. पाणी, संडास आणि गिऱ्हाइकाची गाडी उभी राहील एवढी जागा, यांविना चांगला दुकानदार फिरकत नाही. कर्ज काढून घ्यावयाचे असेल तर दुकानाला व्याज बहुधा जास्त आणि मुदत कमी असते, हेही लक्षात ठेवावे.

चौथी गोष्ट भाडेकरूची. पहिले सात महिने आमच्या गाळ्याला कुलूप होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रोज देवापुढे जरा जास्त वेळ बसू लागल्या. मध्यंतरी एक गृहस्थ मोबाईलच्या दुकानासाठी २० हजार द्यायला तयार झाले. पण करार नोंदवायला ते राजी नव्हते. "तोंडी ठरवू, कशाला खर्च?" म्हणाले. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. आम्ही नको म्हटले. पुढे औषधशास्त्राची पदविका घेतलेल्या एक बाई आल्या. त्यांना १७ हजारांवर गाळा दिला. औषधाच्या किरकोळ दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा लागते आणि परवाना त्या जागेचाच असतो. जागा बदलली की पुन्हा परवान्याची खटपट. म्हणून असा दुकानदार उगाच उठून जात नाही. तीन हजार कमी घेतले ते याकरिता.

येथे एक फरक नीट ध्यानात घ्या. घर लिव्ह अँड लायसन्सने दिले आणि मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा तुलनेने लवकर सोडवून घेण्याची सोय याच कायद्यात आहे. ती सोय फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. दुकानासाठी न्यायालयात दावाच करावा लागतो. म्हणून दुकानाच्या करारात मुदत, दरवर्षीची वाढ, अनामत रक्कम, मोडतोड न करण्याची अट आणि किल्ल्या परत देण्याची तारीख हे सारे एकेक ओळ वाचून लिहून घ्यावे.

दुकानाच्या भाड्यावर १८ टक्के जी. एस. टी. आहे. सर्व मिळून वर्षाला २० लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आपल्यासारख्या मालकाला साधारणपणे त्याची नोंदणी करावी लागत नाही. पण १० ऑक्टोबर २०२४ पासून, मालक नोंदलेला नसेल आणि भाडेकरू नोंदलेला असेल, तर तो कर भाडेकरूने स्वतः भरावयाचा असतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना यातून जानेवारी २०२५ मध्ये वगळले आहे. भाडे ठरविताना हे बोलून घेतले नाही, तर पुढे तोंडे कडू होतात.

आता वही काय म्हणते? गाळ्याचे वर्षाचे भाडे २,०४,०००. घरपट्टी, विमा, देखभाल मिळून ३० हजार वजा. पण पहिले सात महिने विसरून चालणार नाही. पहिल्या तीन वर्षांत छत्तीसपैकी एकोणतीस महिने भाडे मिळाले. सर्व खर्च जाऊन सरासरी वर्षाला सुमारे १ लाख ३४ हजार पडले. फ्लॅटचे ८२,५०० होते. म्हणजे वर्षाला पन्नास हजारांची भर. दुप्पट झाले, तिप्पट झाले असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. ते रिकामे महिने धरीत नाहीत. कर, शुल्क, डागडुजी जाऊन तीन लाखांच्या आसपास रक्कम उरली होती. ती आम्ही बँकेत बाजूला ठेवली होती, म्हणूनच ते सात महिने निभावले आणि घाईने कोणालाही गाळा द्यावा लागला नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच की डोक्यावरचे घर विकून कोणी दुकान घेऊ नये. वर्षभराचा खर्च गाठीशी नसेल तर थांबावे. भिशी लावावी, पैसा साठवावा, घाई करू नये. आणि ज्यांच्याकडे दुसरी जागा आहे त्यांनी भाव विचारण्याआधी त्या रस्त्यावर सकाळी, दुपारी, संध्याकाळी एकेकदा उभे राहून पाहावे. कोणती बाई कोणत्या दुकानात पिशवी घेऊन शिरते, हे आपल्याइतके कोणाला कळणार? बाजारहाट आपणच करतो. कोणते दुकान टिकेल आणि कोणते दिवाळीनंतर बंद होईल, हे आपल्याला दलालापेक्षा आधी समजते. ते ज्ञान आपण आजवर भाजी घेण्यापुरते वापरले. घरच्या मोठ्या व्यवहारातही ते बोलून दाखवावे, आणि सही करण्याआधी कागद आपल्या हातात घेऊन वाचावा.