करार शेवटच्या पानापर्यंत वाचावा



बायबलची एकंदर कथा सांगा, असे व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी सुचविले तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही ख्रिस्ती नाही. धर्मशास्त्राचे पंडित तर मुळीच नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन झाले ते रात्रपाळीच्या मधल्या सुटीत आणि युनियनच्या कचेरीतल्या बाकावर. चिटणीस म्हणाले, "पंडित पुष्कळ आहेत. हे पुस्तक पहिल्यांदाच हाती घेणाऱ्याला वाट दाखवील असा वाटसरू हवा आहे." तेवढ्याच अधिकारावर आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

आधी एक कबुली देतो. उमेदवारीच्या काळात आम्ही एका कारखान्याच्या वाटाघाटी समितीत होतो. चार पानांचा करार झाला. पहिल्या पानावर पगारवाढ होती. ते पान कॅन्टीनमध्ये मोठ्याने वाचले गेले, टाळ्या पडल्या आणि आम्ही सह्या केल्या. माल चढविणारे-उतरविणारे लोक यापुढे ठेकेदाराकडे जातील, हे तिसऱ्या पानावर होते. ते पान समितीतल्या कोणी नीट वाचले नव्हते. आम्हीही नाही. पुढे त्या माणसांच्या डोळ्याला डोळा देताना जे वाटले त्याने आम्हांला एक धडा शिकविला : करार शेवटच्या पानापर्यंत वाचावा. बायबल वाचतानाही हाच धडा उपयोगी पडला, म्हणून तो प्रारंभीच सांगितला.

आमच्या खात्यात एक वडीलधारे ख्रिस्ती टर्नर होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांनी आपली जुनी प्रत आम्हांला वाचायला दिली. कादंबरी वाचावी तसे आम्ही पहिल्या पानापासून निघालो. सृष्टीची उत्पत्ती, जलप्रलय, योसेफ आणि त्याचे भाऊ, इथपर्यंत मजेत गेलो. मग होमबलींचे नियम, कोडाची लक्षणे, वंशावळ्या! लेवीय नावाच्या तिसऱ्या पुस्तकात गाडी रुतली. बहुतेक नव्या वाचकांची तिथेच रुतते.

काका म्हणाले, "अरे, हे एक पुस्तक नव्हे, हे कपाट आहे." खरेच आहे. प्रॉटेस्टंट पंथाच्या बायबलात ६६ पुस्तके आहेत, ३९ जुन्या करारात आणि २७ नव्यात. कॅथॉलिक बायबलात ७३. जुना करार मुख्यतः हिब्रूत आहे, नवा ग्रीकमध्ये. कायदे, बखरी, स्तोत्रे, म्हणी, पत्रे, सारे एकत्र आहे आणि त्यांच्या रचनेत कित्येक शतके गेली आहेत. मग या कपाटाला एकत्र धरणारी वस्तू कोणती? ती त्याच्या मराठी नावातच आहे : करार. युनियनच्या माणसाला हा शब्द दिसल्यावर दुसरा दिवा लावावा लागत नाही. करार कोणाकोणांत झाला, अटी काय, कोणी मोडला, पुन्हा कसा झाला, एवढे प्रश्न विचारीत गेले की कथा आपोआप उलगडते.

आरंभी बाग आहे. माणसाला तिथे ठेवले आहे ते तिची मशागत करायला. म्हणजे काम हे शाप म्हणून आलेले नाही. विश्वास मोडल्यावर कामात काटे-कुसळे आली. मग भावाने भावाला मारले आणि माणसांनी विटा भाजून आकाशाला पोचणारा बुरूज बांधायला घेतला. अकरा अध्यायांत सगळ्या मानवजातीचा बिघाड सांगून झाला. दुरुस्ती मात्र एका म्हाताऱ्या, निपुत्रिक माणसापासून सुरू होते. तो अब्राहाम. तुझ्यापासून मोठे राष्ट्र होईल, तुला देश मिळेल आणि तुझ्यामुळे पृथ्वीवरच्या सर्व कुळांना आशीर्वाद मिळेल, असे त्याला वचन मिळते. या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पुढची सारी कथा त्यांच्याच वसुलीची आहे.

हिब्रू भाषेत करार 'करीत' नाहीत, 'कापतात'. जनावरे मधोमध चिरून समोरासमोर ठेवायची आणि त्यांमधून चालत जायचे. अर्थ असा की, मी शब्द मोडला तर माझी हीच गत होवो. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अशी तयारी झाली आहे. पण अब्राहाम गाढ झोपेत आहे. त्या तुकड्यांमधून एक धुमसती शेगडी आणि जळती मशाल तेवढी जाते. परमेश्वर एकटाच जातो. दुसऱ्या पक्षाला त्याने चालायला लावलेच नाही. एकाच बाजूने सगळा दंड स्वतःवर घेतल्याचा करार आम्ही आयुष्यात दुसरा पाहिला नाही. हे चित्र मनात राहू द्यावे.

त्याचे वंशज मिसर देशात गुलाम झाले. निर्गमाचा पाचवा अध्याय प्रत्येक कामगाराने वाचावा. मोशेची फारोपुढची पहिली मागणी साधी आहे : रानात जाऊन देवाचा उत्सव करायला तीन दिवस जाऊ द्या. फारोचे उत्तर असे की, लोक आळशी झाले आहेत. उद्यापासून विटांसाठी पेंढा मिळणार नाही, तो त्यांनी हुडकून आणावा आणि विटांची संख्या मात्र तितकीच भरावी. ती भरली नाही तेव्हा मार कोणाला बसला? गुलामांतूनच नेमलेल्या मुकादमांना. ज्याने हे लिहिले त्याने कारखाना आतून पाहिला होता!

सुटका झाली आणि सिनाय पर्वताशी दुसरा करार झाला. आता क्रम पाहा. दहा आज्ञांच्या आधी एक प्रस्तावना आहे : मी तुम्हांला दास्यातून बाहेर काढले. आधी सुटका, मग अटी. आज्ञा पाळल्या म्हणून लोक सुटले नाहीत. सुटले म्हणून त्यांनी तसे वागायचे आहे. सातव्या दिवशी विसाव्याची आज्ञा दोन ठिकाणी आहे. निर्गमात कारण दिले आहे की, देवानेही सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद नावाच्या पुस्तकात कारण वेगळे आहे : तू स्वतः गुलाम होतास हे विसरू नकोस, म्हणून तुझा दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आतला परकासुद्धा विसावा घेवो. आपल्या कोकणातले बेने इस्रायल लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. हे कलम आपल्या किनाऱ्यावरही पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले आहे.

पुढची कथा म्हणजे सुटलेले गुलाम फारो होतात की काय, याची कथा. लोकांना राजा हवा झाला. राजा तुमची पोरे, शेते आणि दशांश घेईल, असे शमुवेलाने बजावले. तसेच झाले. शलमोनाने मंदिर बांधले आणि त्यासाठी वेठ लावली. त्याचा मुलगा रहबाम याच्याकडे लोक गेले व म्हणाले, जू हलके कर, आम्ही तुझी सेवा करू. वृद्ध मंत्री म्हणाले, ऐका. बरोबरीचे तरुण म्हणाले, दाबा. त्याने दाबले. दहा वंश फुटून निघाले आणि वेठीवरच्या अधिकाऱ्याला लोकांनी दगडांनी ठार केले. राज्याचे दोन तुकडे झाले ते एका फेटाळलेल्या मागणीवर!

मग संदेष्टे आले. आमोस हा मेंढपाळ. गरिबाला जोड्याच्या किमतीत विकणाऱ्यांच्या उपासना देवाला नकोशा झाल्या आहेत, असे त्याने तोंडावर सांगितले. उत्तरेचे राज्य इ. स. पू. ७२२ च्या सुमारास असुरी सत्तेने बुडविले. दक्षिणेत यरुशलेमला बाबेलच्या नबुखद्नेस्सराने वेढा घातला, तेव्हाची एक हकीकत यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे. सातव्या वर्षी आपल्या बांधवांतल्या गुलामाला सोडावे असे कलम होतेच. ते कोणी पाळीत नव्हते. वेढा आवळला तसे धनिक घाबरले. त्यांनी वासरू चिरले, त्याच्या तुकड्यांमधून चालत गेले, करार केला आणि गुलामांना सोडले. इतक्यात मिसरची फौज निघाल्याची बातमी आली आणि बाबेलचे सैन्य तात्पुरते हटले. धन्यांनी सोडलेले गुलाम परत धरून आणले! संपाच्या भीतीने केलेली तडजोड संप मिटताच मोडतात, तसेच हे. यिर्मया कडाडला : त्या वासराचीच गत आता तुमची होईल. सैन्य परतले. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास नगर पडले, मंदिर जळले आणि लोक बंदिवान होऊन बाबेलला गेले.

इथे कोणी विचारील की, हा इतिहास म्हणावा काय? मिसरमधून सुटकेला मिसरी लेखांत दुजोरा सापडलेला नाही, इ. स. पू. १२०७ च्या सुमाराच्या मेर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात इस्राएल हे नाव मात्र आहे. यरुशलेमचा पाडाव आणि इ. स. पू. ५३९ मध्ये कोरेश राजाने घेतलेले बाबेल या इतिहासाच्या गोष्टी आहेत. पण ज्या लोकांनी आपल्या पूर्वजांची थोरवी सांगायची सोडून ते गुलाम होते आणि मग बेइमान झाले असे लिहून ठेवले, त्यांच्या सचोटीला आम्ही मान देतो.

याच पडझडीत यिर्मयाने सांगितले की, परमेश्वर नवा करार करील आणि तो दगडावर नव्हे, हृदयावर लिहिला जाईल. दुसऱ्या भागाला 'नवा करार' हे नाव यावरूनच मिळाले. कोरेशाने लोकांना परत जाऊ दिले, मंदिर पुन्हा उभे राहिले, पण सत्ता परक्यांचीच राहिली. इथे दोन वाचने होतात. यहुदी लोकांच्या पवित्र ग्रंथाचा शेवट परत जाण्याच्या कोरेशाच्या हुकुमाने होतो आणि त्यांच्या दृष्टीने मूळ करार आजही चालू आहे. 'जुना' हा शब्द त्यांचा नव्हे. ख्रिस्ती लोक म्हणतात की, वचन येशूत पुरे झाले.

येशू नासरेथचा, सुताराच्या घरातला. पंतय पिलात हा रोमन सुभेदार इ. स. २६ ते ३६ या काळात यहुदीयावर होता. त्याच्या हुकुमाने येशूला वधस्तंभावर दिले. आदल्या रात्री, सुटकेच्या सणाच्या भोजनात, प्याला हाती घेऊन तो नव्या कराराविषयी बोलला व आपले रक्त त्यासाठी ओतले जात आहे असे म्हणाला. आता ती शेगडी आणि मशाल आठवा. मोडणारा एक आणि दंड भोगणारा दुसरा, असा ख्रिस्ती माणसाचा अर्थ आहे. तो पटो वा न पटो, कथेचे पहिले टोक शेवटच्या टोकाला असे जुळते. तिसऱ्या दिवशी तो उठला, या विश्वासावर त्याची मंडळी उभी राहिली. प्रेषितांच्या कृत्यांत ती यहुद्यांबाहेर पसरते, कारण वचन सर्व कुळांसाठी होते. आणि प्रकटीकरणाच्या अखेरीस बागेतले जीवनाचे झाड एका नगरात उभे आहे. त्या नगराच्या वेशी कधी बंद होत नाहीत.

ही सबंध कथा कोणाला नको होती, तेही सांगतो. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलचे 'निवडक भाग' छापले गेले. त्यात मिसरच्या दास्यातून झालेली सुटका वगळली होती. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र हा भेद नाही, हे पौलाचे म्हणणे वगळले होते. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे मात्र ठेवले होते. तेच ते पहिले पान आणि तेच ते कॅन्टीन! तरी अमेरिकेतल्या गुलामांच्या कानी सुटकेची कथा पोचलीच. माणसे पळवून मुक्त करणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक 'मोशे' म्हणत.

आपल्या भाषेत याच्या उलट घडले, हे आपले भाग्य. फादर स्टीफन्स यांनी साष्टीच्या लोकांसाठी सगळी कथा मराठी ओव्यांत, दोन पुराणांत गुंफली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

आता कबुलीचा उरलेला भाग. गुलामगिरी बायबलाने मुळातून उखडलेली नाही. परक्या गुलामाला कायमचा ठेवण्याची मुभा लेवीयात आहे. धन्यांनी कलमे शोधली ती त्यात होती म्हणूनच. आम्हीही आमची शोधली. आमोस आणि निर्गम सभांतून गाजविले. मळेवाल्याचा दाखला मात्र आम्हांला खपत नसे. पहाटे एक दिनाराच्या कराराने लावलेले मजूर दिवसभर राबले. संध्याकाळी तासभर आलेल्यांनाही मालकाने एक दिनारच दिला. सेवाज्येष्ठता गेली कुठे? आम्ही काकांशी भांडलो. काका म्हणाले, "ते संध्याकाळपर्यंत बाजारात का उभे होते ते वाचलेस का? त्यांना कोणी कामावर घेतलेच नव्हते. एक दिनार म्हणजे त्या दिवसाची भाकरी. आधीच्यांचा करार मोडला नाही. मागच्यांना भाकरी मिळाली. तू आहेस कायम कामगारांचा पुढारी, म्हणून तुला राग येतो. तुझे ते लोडिंगवाले कोणत्या नाक्यावर उभे आहेत?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. ठेकेदाराच्या माणसांना युनियनच्या वहीत घेण्याची चळवळ आम्ही त्या आठवड्यात सुरू केली. ती उशिराच झाली. पण दाखल्यातला मालकही शेवटच्या तासाला बाजारात गेला होताच.

नव्या वाचकाने वाट अशी धरावी : उत्पत्तीचे पहिले चार अध्याय, मग बारा, पंधरा आणि योसेफाची गोष्ट, निर्गमाचे पहिले चोवीस, अनुवादाचे पाच आणि पंधरा, पहिल्या शमुवेलाचा आठवा, पहिल्या राजांचा बारावा, सगळा आमोस, यिर्मयाचे एकतीस आणि चौतीस, लूक आणि प्रेषितांची कृत्ये, प्रकटीकरणाचे शेवटचे दोन. एवढे झाल्यावर लेवीयाकडे परत यावे, आता गाडी रुतणार नाही. आणि जे पान वाचताना राग येईल त्यावर खूण करावी. तिथे थोडे अधिक थांबावे.